चार मातकट रंगांची रायफल

टिंबर फोर्क, मोंटाना
१४ ऑक्टोबर

प्रिय व्हर्जिल,

‘तू बरा असशील’ असं लिहायची पद्धत आहे. तू बरा नाहीस हे तुझ्या लेकीने, जोलीनने फोनवर सांगितलंय, तेव्हा ते राहू दे. इकडे आम्ही ठीक. वर्नाने बटाटे काढले. पहिलं बर्फ पडून वितळलंही. तू लेकीकडे आहेस तोवर तुझ्या घरातले नळ गोठून फुटायला नकोत म्हणून मी पाणी बंद करून आलो.

आता मुद्द्यावर येतो. तुझ्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी नेमबाजी क्लबने पाठवलेला चेक तू परत केलास. वर चिठ्ठी, ‘मला कुणाची भीक नको.’ डार्ला आपली चिटणीस, तिने ती सगळ्यांसमोर वाचली. जोलीन म्हणते, तू ऑपरेशनची तारीखही घ्यायला तयार नाहीस. भीक? अरे लेका, ज्या रायफलीच्या सोडतीतून ते पैसे आले ती एकदा बघ आणि मग बोल!

ठरलं असं होतं, की प्रत्येकाने एकेक भाग आणायचा, जोडणी मी करायची आणि रायफल सोडतीत ठेवायची. रंग ठरला मातकट. मी तेव्हाच म्हणालो, सगळं एकाच कारखान्याचं मागवा. ऐकतो कोण!

“लायल, मातकट म्हणजे मातकट. मातीत कसले आलेत प्रकार?” हे कोण म्हणालं? ग्रँट. ज्याच्या एका कुंपणाच्या आत तीन रंगांची जमीन आहे, तो ग्रँट!

खोकी आली. सांगाड्याचा वरचा भाग हिरवट, शेवाळ धरलेल्या दगडासारखा. खालचा तांबूस, उन्हाने सोललेल्या नाकासारखा. नळीवरचं आवरण थेट शेंगदाण्याच्या लोण्यासारखं. आणि दस्ता ओल्या सिमेंटचा. चारही खोक्यांवर रंगाचं नाव मात्र एकच.

मी हे कुठल्या शाळेत शिकलेलो नाही, तुला माहीत आहे. पण ॲल्युमिनियम रंगाच्या हौदात बुडवलं की धातू रंग पितो, आणि दर खेपेला वेगळा पितो. प्लॅस्टिकमध्ये रंग आधीच कालवलेला असतो. वरून फवारून भट्टीत भाजलेला रंग आणखी तिसराच. हे एवढं मला माझ्या शेडमध्ये बसून कळतं, तर कारखानेवाल्यांना कळू नये? ट्यूबलाइटखाली एक वेळ खपून जातं. उत्तरेच्या खिडकीशी धरलं की शिसारी येते.

दस्तावाल्यांना मी फोन केला. एक पोरगी म्हणाली, “सर, तो मातीचाच रंग आहे.”

“कुणाच्या शेतातल्या मातीचा, बाई?” मी विचारलं.

तिने फोन दुसऱ्याकडे दिला. दुसऱ्याने ठेवूनच दिला.

मी डार्लाला म्हणालो, मला थोडे दिवस दे. सगळं खरवडतो, एकच रंग फवारतो, वर्नाच्या जुन्या ओव्हनमध्ये भाजतो. तर बाई म्हणतात, “पोस्टरवर फोटो छापून झालाय, लायल. तिकिटं विकली गेलीत. जशी आहे तशी जोड.” जोडली. दात-ओठ खात जोडली.

सोडत अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये झाली. नंबर लागला ओपल ट्वीटचा. तीच ओपल, जी तुझ्या कुत्र्याने तिच्या कोंबड्या मारल्यापासून तुझ्याशी बोलत नाही. तिने रायफल हातभर लांब धरली आणि म्हणाली, “हे काय, चार दारुड्यांनी अंधारात रंगवलंय? मला नको. पुन्हा तिकिटं विका.”

पुन्हा विकली. ग्रँट जिंकला. तो म्हणतो, “माझ्या ट्रकला शोभत नाही.” त्याच्या ट्रकचा एक दरवाजा निळा आहे, व्हर्जिल! बाकीचा ट्रक पांढरा! आणि हा मला शोभा शिकवतो. पण दिली परत. तिकिटं पुन्हा विकली गेली. पहिल्यापेक्षा जास्त.

तिसऱ्या खेपेला नंबर माझा आला.

घरी आणली. सगळे भाग सुटे करून बाकावर मांडले. वर्ना दारात येऊन म्हणाली, “झालं का मनासारखं? आता रंगव एकदाची आणि मला झोपू दे. तू आठवडाभर दात खातोयस झोपेत.” बंदूक फवाऱ्याची असो की गोळीची, माझा हात कधी थरथरत नाही. रंग ढवळून तयार होता. एका दुपारचं काम. अशी करून ठेवली असती की कारखान्यांनी शिकायला माणसं पाठवावीत.

पण मग ती इतकी देखणी झाली असती की पुढच्या वेळी ज्याला लागेल तो खरंच घरी घेऊन गेला असता.

मी तिला तशीच जोडली आणि हॉलमध्ये नेऊन टेबलावर आपटली. म्हणालो, “असला घाणेरडा माल मी घरात ठेवणार नाही.” डार्ला तोंडावर हात धरून हसायला लागली. तिला एवढं हसायला काय झालं, मला कळलं नाही. ओपलने तेवढ्यात तिकिटांचं पुडकंच मागितलं. मी तिला विचारलं, “तुला नको होती ना?” तर म्हणते, “अजूनही नकोच आहे. तू तुझं काम बघ.”

सोबतच्या चेकमध्ये तिन्ही सोडतींचे पैसे आहेत. चौथी शनिवारी. आणि हा परत पाठवायच्या आधी नीट वाच. तुझ्यावर इथे कुणी दया करत नाही. लोक रायफल परत करतात ते तिच्या रंगामुळे. वरचा भाग हिरवा आणि खालचा तांबडा, कोण ठेवेल? दुसरं काही कारण असतं तर मी तुला सांगितलं असतं. इतक्या वर्षांत मी तुझ्याशी एकदाही खोटं बोललेलो नाही, तेव्हा हे एवढं एक मुकाट्याने पचव.

जोलीनला तारीख घ्यायला सांग आणि मला कळव. दवाखान्यात बाहेर बसायला मी येतोय. नको म्हणू नकोस, पेट्रोल भरून ठेवलंय.

संतापलेला आणि संतापलेलाच राहणार असलेला,
तुझा
लायल