माडीवरचं जातं

सोनबा, आज पुन्हा भातात माती पडली. ताट वाढलं, मालक पहिला घास उचलणार तोच डोक्यावर घर्रर्र झालं आणि फळीच्या फटीतनं चिमूटभर माती नेमकी भातावर उतरली, जसं काय कुणी वरनं मीठ वाढलं. मालकांनी ती बोटानं बाजूला सारली आणि जेवले. तुझे दाजी कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. अंगावर भिंत पडली तरी आधी हात पुसतील आणि मग भिंत कुणाची ते विचारतील. पण मी तशी न्हाई. मी एवढे दिवस ऐकून घेतलं, आता तू ऐकायचंस.

(रागात वर श्री लिहायचं राहिलं. मागाहून कोपऱ्यात बसवलंय, ते आधी वाच.) चिरंजीव सोनबास भोराहून थोरल्या बहिणीचे, म्हणजे साळूआक्काचे आशीर्वाद. खाली आमी बरी आहोत, वरचं पुढं येतंच आहे. तुझा खोकला गेला का? अडुळशाचा काढा घेतलास, का तसाच खोकतोस? भाकरी अजून करपवतोस असं कानावर आलं. भावजय जाऊन चौथं वरीस लागलं, एवढ्या दिवसांत अस्वलसुद्धा भाकरी भाजायला शिकलं असतं.

तुझं पत्र पावलं. तुमच्या वेल्ह्याचा कुणी किराणावाला भोरात दुकान काढतोय, त्याला आपली माडी पाहिजे, तर आखितीपासून माडीवरच्या सोजराबाईला उठवू का, असं तू विचारलंस. खाली मी राहते, तवा मी म्हणेन तसं करायचं, असं पण लिहिलंस. घर आबांनी तुझ्या नावावर केलं आणि निवाडा माझ्या गळ्यात. बरं. विचारलंच आहेस तर सगळं वाच, मधे उठू नको.

ही माणसं हितं आणली कुणी? तू. भाटघरच्या धरणाचं पाणी वाढलं, त्यांचं गाव बुडालं, गरीब गाईसारखी माणसं आहेत आक्का, असं कोण म्हणालं? तू. गाय बरी रे, गाय दळत तरी न्हाई. सोजराबाई, तिचा नवरा म्हादू (दोन्ही कानांनी बहिरा, म्हणून त्या घरात सुखात हाये) आणि तिची भाची सारजा. तिघं आली तवा गाडीतनं पहिलं उतरलं ते जातं. भांडी मागनं आली. ते धोंड्याएवढं जातं सहा गड्यांनी दोर लावून जिन्यानं माडीवर चढवलं, आणि सगळ्यात खाली खांदा देऊन तूच उभा होतास. जिन्याची तिसरी पायरी तवा मोडली. ती अजून तशीच आहे, मी लंगडत चढते.

म्या तवाच सांगितलं होतं, बाई, जातं माडीवर कुणी मांडतं का? परड्यात मांड, सावली आहे, जागा आहे. तर सोजराबाई म्हणते, "आक्का, येकदा पाण्यानं घर न्हेलं. चूल बुडाली, उंबरा बुडाला. आता जातं खाली ठिवायचं न्हाई."

म्या म्हटलं, "अगं, धरण तिकडं, आपण हिकडं. हितं कसं पाणी चढंल?"

तर म्हणते, "आमाला बी आसंच सांगितलं हुतं."

मी जिन्यातनं बाजूला झाले. 

मग काय, सगळंच वर गेलं. सरपण वर, शेणी वर, कोंबड्या वर, शेळी वर. ती शेळी जिना चढायला म्हादूच्या आधी शिकली. दुपारी मी जरा अंग टाकलं की डोक्यावर टक टक टक टक, जशी कुणी शिरस्तेदारीण नव्या वहाणा घालून माझ्या कपाळावर शतपावली करतीय. आणि पहाटे कोंबडं आरवायच्या आधी जातं. आपल्या माडीला फळ्या, त्यावर माती आणि शेणाचं सारवण, तवा जातं फिरलं की सगळं घर डेरेदार मांजरासारखं गुरगुरतं. फडताळातल्या वाट्या वाजतात. गेल्या महिन्यात देव्हाऱ्यातला खंडोबा फिरून भिंतीकडं तोंड करून बसला. त्याला पण ऐकवत न्हाई.

म्या उपाय केले न्हाईत असं म्हणू नको. पहिल्यांदा भांडायला वर गेले. काय काय बोलायचं ते जिन्यातच घोकलं होतं. सोजराबाईनं पाट दिला, सारजानं ताकाची वाटी हातात ठेवली. ताक पीत भांडता येत न्हाई, तोंड एकच असतं. ताक संपलं, तर पुन्हा वाढलं. चारदा गेले आणि चारदा ताक पिऊन आले. पाचव्यांदा मालकच म्हणाले, तू भांडायला जातेस का न्याहारीला? (एवढं लांब वाक्य ते वर्षातनं एकदाच बोलतात.)

मग म्या मालकांचं एक जुनं धोतर घेतलं आणि चार खिळे मारून तक्तपोशीच्या फळ्यांखाली आडवं ताणलं, मंडपाचं छत असतं तसं. माती त्यात पडंल, भातात पडणार न्हाई. डोकं बघ! पंधरा दिवस लई बरं गेलं. धोतराला मधे पोट आलं एवढंच. त्या पोटाकडं म्या बघितलं न्हाई, ही माझी चूक, पण ती चूक पुढं येती.

माती थांबली तरी आवाज थांबंना. तवा म्या मुसळ उचललं. वर घर्र झालं की खालनं मुसळाचं तोंड फळीला ठाण. पुन्हा घर्र, पुन्हा ठाण. कुणाच्या बी लक्षात आलं असतं की खालची बाई चिडलीय. पण वरची ती साधी माणसं! तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बघते तर सोजराबाई, डोक्यावरनं पदर, हातात आंब्याची पानं आणि हळदीकुंकवाची कोयरी, मागं आळीतल्या बाळाबाई, सखूबाई आणि आणखी दोघी सवाष्णी, नव्या लुगड्यांत. सोजराबाईचं तोंड असं फुललेलं की दिवा नको. म्हणाली, "आक्का, सांगायचं तरी! तीन दिस मुसळ वाजतंय. घरात लगीन निघालं आन् घाणा येकलीच भरतीस व्हय?"

त्यांच्या बुडालेल्या गावात म्हणे नेमच होता. सुगी सरल्यावर कुणाच्या घरात मुसळ वाजलं की लग्नाची हळद कांडायला घेतली, घाणा भरला असं समजायचं, आणि बोलावण्याची वाट न बघता पाच सवाष्णींनी जायचं. गाव बुडालं, पाच जणी पांगल्या, आता हा नेम कुणाच्या दारी पाळायचा, असं तिला वाटत होतं. आणि माझ्या मुसळानं तिला वाटलं, हितं पण आपलं गाव आहे.

आता तूच सांग, त्या तोंडाकडं बघून कसं म्हणू की बाई, हळद न्हाई, मी तुझ्याच नावानं बडवतेय? मी आत जाऊन पाच पाट मांडले. यंदा माझे ग्रहच चांगले न्हाईत.

बायकांना वेळ कुठं लागतो. दोन मुसळं एकत्र बांधली, पानं लावली, कुंकू लावलं. जात्याला पण पूजा पाहिजे. माझं जातं परड्यात पडलंय, त्याला छिन्नीनं टाकी लावायची दोन वर्षं राहिलीय, त्याच्यावर कोंबडी अंडी घालते. मग चला वर! सगळी आळी माडीवर. ज्या जात्याला म्या चार महिने शिव्या घातल्या त्याचा खुंटा माझ्याच हातात, समोर सारजा, आणि आमी दोघी हळकुंडं घरंघरं दळतोय. खाली मालक जेवत होते.

हितवर पण निभावलं असतं. पण ओवी म्हणायची तर नवरदेवाचं नाव घ्यावं लागतं. बाळाबाईनं ओवी उचलली आणि नावापाशी येऊन थांबली. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. माझी लेक ठकी गेल्या साली उजवली, मालकांचं लगीन होऊन पंचवीस वर्षं झाली, आणि म्हादूला नवरा करायला सोजराबाई तयार झाली नसती. तवा म्या एक नाव सांगितलं. कुणाचं ते कागद उरला तर लिहीन. नाव ओवीत गेलं, म्हणजे देवाच्या कानावर गेलं. हळद दळून झाली, तिचा डबा माझ्या फडताळात आहे, आणि घाणा भरून लगीन झालं न्हाई असं आपल्या सात पिढ्यांत कुणाचं झालेलं न्हाई.

बाजाराच्या दिवशी ही बातमी मामांच्या गावी, वरव्याला पोचली. दुसऱ्याच दिवशी चिमाजीमामा काठी आपटत हजर. पाणी प्यायले न्हाईत, चपला काढल्या न्हाईत. "साळे, मामा मेला का? मामाला वगळून घाणा भरता? बोहल्यावर नवऱ्याच्या मागं कोण उभं ऱ्हाणार, तुमची शेळी?" आणि असं म्हणून त्यांनी काठी उगारली. ती वर, धोतराच्या पोटात.

सोनबा, पंधरा दिवसांची माती, पीठ, कोंडा, शेळीच्या लेंड्या आणि एक चमचा (आमी तो सगळीकडं शोधत होतो), सगळं एकदम मामांवर. मामा उभ्याचे उभे पांढरे झाले. नुसते डोळे तेवढे काळे. मी ओरडले, शेळी ओरडली, मामांनी सात शिंका दिल्या. मालक आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "माझं धोतर फाटलं."

तेवढ्यात सारजा धावत खाली आली. गरम पाणी आणलं, पंचा आणला, मामांचं पागोटं झटकून पुन्हा जसंच्या तसं बांधून दिलं, चुलीवर भाकरी टाकली, आणि या सगळ्यात एकदा पण हसली न्हाई. (मी हसले. माझ्यानं ऱ्हावलं न्हाई.) मामांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि विचारलं, लगीन कुणाचं? म्या कानात नाव सांगितलं. मामा मिशीतलं पीठ झाडत लई वेळ सारजाकडं बघत बसले, आणि मग आपण होऊन चपला काढल्या.

तर आता तूच ठरव, अशी माणसं डोक्यावर ठेवायची का? भातात माती, कपाळावर शेळी, मामाच्या मिशीत पीठ. मला विचारशील तर आखितीची पण वाट बघू नको. उद्याच उठव. माझा निवाडा झाला. खोकल्याला जप, रात्री दही खाऊ नको.

तुझी थोरली बहीण,
साळू

राहिलेलं एक: उठवू नको. आज दुपारी जे दळण चाललं होतं ते माझ्याच नाचणीचं. गेला महिनाभर आमचं दळण सारजाच दळून देते, माझ्या खांद्यात कळ येते म्हणून. म्हणजे मालकांच्या भातात पडली ती माती आमचीच धरायची. हे मालकांना कळवू नको.

राहिलेलं दुसरं: नाव तुझं सांगितलं. तोंड वासून बसू नको, माशी जाईल. चार महिन्यांत कौलं बघायला तीनदा आलास. कौलं छपरावर असतात, तू बसलास चुलीपाशी. पत्रात माझ्या गुडघ्याला एक ओळ आणि माडीवरच्यांना सहा. आणि 'उठवू का' विचारतोस ते मी 'नको' म्हणावं म्हणून, एवढं मला कळतं, शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले असले तरी. सारजाचं ठरलेलं लगीन गाव बुडालं त्या साली मोडलं, तवापासनं ती नुसती दळतेय. बाळाबाईनं ओवीत तुझं नाव घेतलं तवा तिच्या हातातलं जातं थांबलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. घर एवढं गप झालं की मलाच भ्या वाटलं. मग तिनं मान खाली घातली आणि खुंटा असा फिरवला की माझा हात सुटला. मामा राजी आहेत, मागं तेच उभे राहणार. सोजराबाईनं एवढंच विचारलं, "वेल्ह्याचं घर उच्चावर हाये न्हवं?" म्या सांगितलं, तोरण्याच्या पायथ्याला आहे, तिथं पाणी चढायचं तर आधी सगळं भोर बुडायला पाहिजे. तिनं तिथंच पदरानं डोळे पुसले आणि व्हय म्हणाली. किराणावाल्याला सांग, माडी रिकामी न्हाई. सोजराबाई आणि म्हादू हितंच ऱ्हाणार.

राहिलेलं शेवटचं: सोजराबाई सारजाला आंदण म्हणून जातं देणार आहे. उंच घरात जाऊ दे म्हणते. मी लगेच हो म्हणाले, नवरीच्या मावशीचं मन कसं मोडायचं? तवा चैती पुनवेच्या आत उत्तर धाड. आणि येताना सहा गडी आण, जाड दोर आण, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीला एक फळी. उत्तर न्हाई असंल तरी गडी आणि दोर धाड, पुनवेच्या आत.