टाकीला विरजण

६ सप्टेंबर
पैज लागली! थोरली म्हणाली, "बाबा, द्राक्षं उतरवा आता. या उन्हात थांबलात तर साखर डोक्यावर बसेल." मी म्हणालो, मला अंगानं भरलेली वाइन हवी, काटकुळी नको. शेवटी ठरलं – एक टाकी तिची, एक माझी. थंड मुलखातलं आमचं जुनं गिऱ्हाईक नोव्हेंबरात येतं. ते जी टाकी उचलेल, तिच्या धन्यानं यापुढं तळघर चालवायचं. मी हरलो तर सगळं तिच्या गळ्यात.
बायको म्हणाली, "आणि दोन्ही थुंकून टाकल्या तर मी चालवते."

१० सप्टेंबर
तिची द्राक्षं आत आली. माझी वेलावरच.

१५ सप्टेंबर
माझीही उतरवली. मणी सुरकुतलेले, नुसता मध! रस शाईसारखा काळा. थोरलीनं साखर मोजली, एक भुवई वर केली. शिकलेली माणसं भुवईनं बोलतात.

२० सप्टेंबर
टाकी गप्प. कालपर्यंत कान लावला की आत खदखद – मास्तर बाहेर गेलेल्या वर्गासारखी. आज शुकशुकाट. चाखली तर अजून गोडच. इतकी साखर पचवता पचवता खमीर दमलं. असंच राहिलं तर वाइन नव्हे, सरबत. कुणाला सांगितलं नाही.

२१ सप्टेंबर
दाराबाहेरून ऐकलं. थोरली आईला म्हणत होती, "बाबांच्या टाकीला विरजण घालतेय. बोलू नकोस त्यांना."
विरजण! पोटची पोर माझ्या वर्षभराच्या मेहनतीवर विरजण घालते, आणि बायको म्हणते "बरं!"
जेवलो मात्र व्यवस्थित. मुद्दाम दोनदा वाढून घेतलं.

२२ सप्टेंबर
रंगेहाथ पकडायला तळघरात गेलो. खांबाआड उभा. ती स्वतःच्या टाकीतला फेसाळता, जिवंत रस बादलीनं आणत होती. माझ्या टाकीत थोडा ओतायचा, हलवायचं, थांबायचं, कान लावायचा. परत थोडा.
खरंच विरजण! दुधाला लावतात तसं.
आल्या पावली मागं फिरलो. गाढव ठरायला साक्षीदार कशाला?

२६ सप्टेंबर
खदखद परत सुरू!
थोरलीनं विचारलं, "कशी आहे तुमची?"
"बोलतेय."
"अरे वा."
बाप तसा बेटा म्हणतात. बेटीही काही कमी नाही.

१४ नोव्हेंबर
गिऱ्हाईक आलं. तिची चाखून म्हणालं, "छान. पण अशी आमच्याकडंही होते." माझी घोळवत बसलं, गिळेचना. मग म्हणालं, "ही तर चावून खायची वाइन! तुमचं ऊन असंच भरून पाठवत जा." म्हटलं, ऊन फुकट आहे साहेब, बाटली महाग पडते.
माझी टाकी जिंकली. सगळ्यात आधी टाळी वाजवली ती थोरलीनं.
ही जीत तिची, हे मला ठाऊक आहे. उद्या सांगणार – पैज गेली खड्ड्यात, तळघर तुझं.

१५ नोव्हेंबर
सांगितलं. तर कळलं, समुद्रापलीकडं नोकरी ठरवलीये तिनं, द्राक्षं उतरायच्या आधीच.
म्हणाली, "तुम्ही हरला असतात ना बाबा, तर मला थांबावं लागलं असतं."