पाळकसाहेबांची नक्कल

६ फेब्रुवारी, गुरुवार
बायबलच्या उत्पत्तीचे आठ अध्याय झाले. पेपर पहिल्या अकरांवर, मार्चअखेर! पास झाले की मी उपदेशक. पाळकसाहेब घरीच शिकवतात, जेवणाच्या टेबलावर. विद्यार्थिनी मी एकटी. चष्म्याच्या दुकानात काचा पुसता पुसता सृष्टीचे सहा दिवस घोकते, तर मालक म्हणतो, "बाई, गिऱ्हाईक सातव्या दिवसापर्यंत थांबणार नाही!"

पण आज काय झालं — पाळकीणबाई बाजारात गेलेल्या. साहेब "आलोच" म्हणून आत गेले, वीस मिनिटांनी परतले, तर पँट पुढून ओली. मला पाहून दचकले. "आपण कोण? कुणाकडे आलात?" दोन महिने शिकवताहेत मला! मी वही उचलली आणि सटकले. त्यांना तसंच उभं सोडून.

९ फेब्रुवारी, रविवार
उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर बायका जमलेल्या. राहवलं नाही. नक्कल करून दाखवली — ती चाल, ओली पँट, "आपण कोण?" सगळ्या पोट धरधरून हसल्या. "अगदी हुबेहूब गं!" खोटं कशाला लिहू, तेव्हा मजा आली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
नववा अध्याय. नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला. त्याच्या मुलाने, हामाने, बापाला तसं पाहिलं आणि बाहेर जाऊन भावांना सांगितलं. शेम आणि याफेथ मात्र खांद्यावर वस्त्र घेऊन पाठमोरे आत गेले, बापाला झाकलं, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साहेब आज अगदी ठणठणीत. "हामाचा अपराध कोणता? पाहिलं, हा?"

"नाही. पाहणं कुणाच्या हातात असतं? बाहेर जाऊन सांगितलं, हा." — हे मीच म्हणाले!

"शाब्बास!" म्हणाले.

माझी जीभ का नाही झडली!

१६ फेब्रुवारी, रविवार
गोष्ट पायऱ्यांवरून थेट चर्च कमिटीच्या टेबलावर. बोलावणं आलं. "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत?" मी हो म्हणाले. आणखी काय म्हणणार? साहेबांना महिनाअखेर निवृत्ती. वर मला सांगतात, "मार्चपासून एखादा रविवार तुम्हीच उपदेश करा." शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मान डोलावलीच मी!

घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "पायऱ्यांवर तू तमाशा करत होतीस तेव्हा मी तिथेच स्कूटर काढत होतो. हात धरून थांबवायला हवं होतं तुला."

१८ फेब्रुवारी
दुकानात दिवसभर एकच काच पुसत बसले.

२० फेब्रुवारी, गुरुवार
साहेबांकडे गेले. पुस्तक मिटलं आणि सगळं सांगून टाकलं — नक्कल, कमिटी, सगळं. साहेब रडले. "सगळ्यांना हसू आलं का गं?" एवढंच विचारलं. मग डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "क्षमा केली." किती हलकं वाटलं! येताना चक्क गुणगुणत आले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आज दारातच — "कमिटीला कुणी सांगितलं असेल गं?"

गेल्या गुरुवारचं काही म्हणजे काही आठवत नाही त्यांना! पुन्हा सांगितलं. पुन्हा रडले, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे. पुन्हा तेच, "सगळ्यांना हसू आलं का गं?"

पाळकीणबाईंनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "पुरे कर आता. तू सांगून मोकळी होतेस, त्यांना मात्र दर वेळी नव्याने लागतं. पुन्हा विचारलं तर सांगायचं नाही."

"म्हणजे खोटं बोलू?"

"ते तुझं तू बघ. पण त्यांना पुन्हा रडवायचं नाही."

त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ मार्च, गुरुवार
साहेबांनी विचारलंच. "कुणी सांगितलं असेल गं?"

"काय माहीत," मी म्हणाले.

"असू दे. बिचाऱ्याला आता झोप लागत नसेल." मग माझा हात धरून त्यांनी त्या माणसासाठी प्रार्थना केली. मी आमेन म्हणाले.