चेंडूचा वाटा

मी, दर्पण जगन्नाथ पागधरे, वय वर्षे अठ्ठावीस, राहणार मुरबे, तालुका व जिल्हा पालघर, धंदा एकच असा सांगता येणार नाही, लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही, पोटात दारू नाही, आणि अमुक लिही तमुक लिही असे मला कोणी शेजारी बसून सांगत नाही. माझी मोठी बहीण तेजल एकदा चहा ठेवून गेली, तेवढेच.

या वयात मृत्युपत्र कशाला, असे वाचणाऱ्याला वाटेल. येत्या सोमवारी, ११ ऑगस्टला, मी परदेशी बोटीवर खलाशी म्हणून दोन वर्षांसाठी जातो आहे. नवापूरचा एक मुलगा असाच गेला आणि पेटीतून परत आला. कागद नव्हता म्हणून त्याच्या आईने सव्वा वर्ष कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. तेजलवर ती पाळी नको. पालघरला कोर्टाबाहेर टायपिंगला बसतात ते दादू म्हणाले, "हाताने लिहिलंस तरी चालतं. दोन साक्षीदार घे. फक्त ज्याला काही ठेवतोस त्याचीच सही साक्षीत घेऊ नको, मागाहून भांडणं होतात." या शेवटच्या वाक्याने माझी पंचाईत केली, ती पुढे येईल.

दुसरे कारण असे की मुरब्यातला एक माणूस माझ्याशी चार वर्षे बोलत नाही. चूक माझी आहे. सोमवारपर्यंत तो बोलेल असे दिसत नाही, म्हणून जे तोंडाने सांगता आले नाही ते कलमांत घालतो.

कलम १. घर. दोन खोल्या, ओटी आणि पुढची मासळी सुकवायची जागा यांत माझा जो अर्धा हिस्सा आहे तो तेजलला. तसेही घर तीच सांभाळते. मी या घरात सलग जास्तीत जास्त अडीच महिने राहिलो, तेही पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून.

कलम २. बँकेत असेल ते आणि बोटीच्या कंपनीकडून मिळेल ते तेजलला. मोटारसायकल माझा मित्र मनीष याला द्यायची होती, पण तो साक्षीदार आहे. त्याला विचारले, "गाडी पाहिजे का सही करतोस?" तो म्हणाला, "सहीच करतो. सहीला ढकलावं लागत नाय." तेव्हा गाडीही तेजलला. चोक ओढून ठेवावा लागतो आणि तिसऱ्या लाथेला चालू होते.

कलम ३. हत्यारे. बोईसरच्या कारखान्यात मी फिटरचा मदतनीस होतो, तेव्हाचा पान्यांचा संच आहे, एक पाना कमी. वेरावळहून आणलेला सुरा आहे. वाणगावला मिरचीच्या वाडीत तीन महिने होतो, तिथून हत्यार काही आणले नाही, हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत एवढे शिकून आलो. पाने आणि सुरा ज्याला लागतील त्याने न्यावेत. जाळे विणायची बांबूची सुई मात्र मी सोबत नेतो आहे आणि ती माझ्याबरोबरच जाळावी. ती जानूकाकांनी स्वतः कोरून दिलेली आहे.

जानूकाका म्हणजे जानू बेंडू तामोरे, बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, माझ्या बाबांचे सोबती. बाबा गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तेराव्याला काकांनी ही सुई हातात दिली आणि म्हणाले, "रडायचं तर रड, पण गाठ चुकवू नको."

आमच्याकडे बोट परतली की मासळीचे वाटे पडतात. बोटीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, मग माणसांचे. बाबांची जाळी काकांच्या बोटीवर होती, म्हणून जाळ्यांचा वाटा आमच्या घरी येतो. जाळे कितीही जपले तरी आठ-दहा वर्षांत संपते. बाबांना जाऊन सोळा वर्षे झाली. जाळी केव्हाच संपली, वाटा संपला नाही. अबोल्याच्या या चार वर्षांतही काका दारात येतात, मी ओटीवर बसलेलो असलो तर माझ्या डोक्यावरून बघतात आणि हाक मारतात, "तेजल, बापाच्या जाळ्याचा वाटा घे ग."

हे मला मारण्यापेक्षा वाईट लागते.

कलम ४. यात वस्तू नाही, हकीगत आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी कलम ५ वर जावे.

आमचा भरती फुटबॉल क्लब आजोबांच्या वेळेपासूनचा. नाव भरती अशासाठी की खेळ वाळूवर चालायचा आणि भरतीचे पाणी गोलखांबाला लागले की मॅच संपायची, मग स्कोअर काही असो. सातपाटीची टीम यावर फार चिडायची. क्लबची कमाई एकच होती. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा परतलेली प्रत्येक बोट एक जादा वाटा काढायची, चेंडूचा. तो मैदानावरच्या टोपलीत पडायचा, बाजारात मासळी विकणारी काशीबाई त्याचा तिथेच लिलाव करायची आणि वर्षाचे चेंडू, बूट, चहा त्यातून व्हायचे. ज्या बोटीने वाटा घातला तिला टीम निवडताना बोलायचा हक्क. काशीबाई नव्वद मिनिटे बोलायची, तिची बोट नसताना.

पाच वर्षांपूर्वी धर्मेशशेठ आले. बर्फाचे दोन कारखाने, बोईसरला पिंपांचा धंदा, आणि फुटबॉलचे खरेखुरे वेड. त्यांनी क्लब हातात घेतला. भराव टाकून मैदान केले, दिवे लावले, बस घेतली, बाहेरचे तीन खेळाडू पगारावर आणले. मला बसचा ड्रायव्हर केले आणि पाठीवर 'मॅनेजर' छापलेला टी-शर्ट दिला. दुसऱ्या हंगामात शेठ म्हणाले, "ती टोपली आता कशाला? लोकांना त्रास. मी आहे ना." मी टी-शर्ट घालून बोटीबोटीवर सांगत सुटलो की यंदापासून टोपली बंद.

जानूकाकांना निरोप मिळाला नसेल, किंवा मिळूनही ते आले असतील. मैदानाच्या कडेला डोक्यावर टोपली घेऊन उभे राहिले, वर पापलेट, चांगले ताटाएवढे. पाहुण्यांची बस लागत होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, ती घरी न्या. क्लब आता भिकेवर नाय चालत."

काकांनी टोपली वाळूवर उलटी केली. कावळ्यांनी खाल्ले. ते गेले ते आजवर मैदानावर आले नाहीत.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. शेठचे पैसे क्लबच्या वह्यांत देणगी म्हणून नव्हे, कर्ज म्हणून लिहिलेले होते. शेठने लपवले काहीच नाही. दरवर्षी सभेत हिशोब वाचून दाखवायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो, कारण नंतर शिरा असायचा. आता येत्या १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर सभा आहे. कर्ज फिटत नसेल तर दिवे, बस आणि मैदानाचा करार शेठच्या नावावर करून द्यायचा, असा ठराव यायचा आहे. महिनाभर गावात दुसरे बोलणे नाही. परवा जाळी शिवायच्या मांडवात मनीष आणि काशीबाई यांची जुंपली ती अशी:

"शेठ नसता तर आपण अजून खेकड्यांच्या बिळात पाय मुरगाळून घेत असतो," मनीष म्हणाला. "जिल्ह्याच्या फायनलला कोणी नेलं?"

"नेलं. आणि हरून आणलं," काशीबाई म्हणाली.

"पेनल्टीवर हरलो, आत्या! त्यात शेठची काय चूक?"

"तीन भाड्याच्या पोरांनी मारल्या पेनल्ट्या. तिन्ही बाहेर. माझ्या नातीनं, रुचितानं, मारली असती आत."

"रुचिता गोलकीपर हाय."

"म्हणूनच. तिला माहीत हाय कुठं अडवता येत नाय ते."

मांडव हसला. मनीष गप्प बसणारा नव्हे. "पण पैसे तर त्याचेच गेले ना? बुडवायचे का?"

"बुडवा कोण म्हणतं? आमच्या अंगावर बोजा चढला, तो आमाला विचारून चढवला का?"

"विचारलं की दर सभेला. तूच पुढं बसून शिरा खाल्लास."

काशीबाईने सुई खाली ठेवली. "खाल्ला. वाटा घालत होतो तंवर माझं तोंड उघडं होतं, मन्या. वाटा बंद झाला, तोंडात शिरा आला. टोपली बंद कोणी केली, ते मात्र विचारू नको, तो इथंच बसलाय."

माझ्याकडे कोणी बघितले नाही. सगळे जाळ्याकडे बघत होते.

कलम ५. बाबांच्या जाळ्याचा जो वाटा घरी येतो त्यातला पहिल्या फेरीचा वाटा दरवर्षी चेंडूसाठी टोपलीत घालावा. बाकी वर्षभराचा तेजलचा. हे माझ्या मरणाची वाट न बघता यंदापासूनच करावे असे मी तेजलला सांगितले आहे. एका टोपलीने लाखांचे कर्ज फिटत नाही, एवढे गणित अकरावी नापासालाही येते. पण काशीबाई म्हणते ते खरे आहे, आधी तोंड उघडले पाहिजे.

कलम ६. क्लबच्या बसची दुसरी किल्ली माझ्या पत्र्याच्या पेटीत राहिली आहे, ती धर्मेशशेठ यांना परत द्यावी. त्यांच्यावर माझा राग नाही. फायनल हरलो त्या दिवशी बसच्या पायरीवर बसून ते लहान मुलासारखे रडले होते आणि मी त्यांना पाणी दिले होते. खोटे रडणे मी फिरतीत पुष्कळ पाहिले आहे, ते तसले नव्हते. त्यांना सांगावे की पैसे परत घ्या, हप्त्याने घ्या, पण जाऊ नका. बर्फाच्या गाडीतून एक वाटा तुम्हीही टोपलीत घाला आणि सगळ्यांसारखे एका वाट्याएवढेच बोला. क्लबातले माझे सभासदत्व रुचिताला. १५ तारखेच्या मतासाठी मी तिच्या आजीला, म्हणजे काशीबाईला, वेगळे पत्र दिले आहे.

कलम ७. त्या दिवशी वाळूवर राहिलेली टोपली मी उचलून आणली होती. खाडीवर धुतली, माळ्यावर ठेवली, चार वर्षे कोणाला दाखवली नाही. एक कड उसवली होती, ती गेल्या महिन्यात त्याच सुईने शिवली. गाठ चुकलेली नाही. ही टोपली माझ्या पश्चात जानू बेंडू तामोरे यांना द्यावी आणि सांगावे की भीक मी मागत होतो, ते नव्हे.

येथपर्यंत बुधवारी लिहून झाले. मनीषने समोर बसून सही केली. दुसऱ्या सहीसाठी काशीबाईकडे गेलो. तिने रुचिताकडून सगळे वाचून घेतले, कागद घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाली, "दुसऱ्या सहीचा माणूस मी नाय." मी म्हणालो, "आत्या, जानूकाकांना कलम सातात वस्तू ठेवली हाय, त्यांची सही चालत नाय." ती कागद घेऊन गेलीच.

आज सकाळी जानूकाका आले. तेजलला हाक मारली नाही. ओटीवर बसले, कागद मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काय रे, तू मेल्यावर मना टोपली देतोस? तंवर मी जगायचं का? वर चढ. काढ ती."

मी काढली. त्यांनी शिवलेली कड अंगठ्याने दाबून पाहिली. मग म्हणाले, "शनिवारी पुनव हाय. तू सोमवारी जाणार. पहिली फेरी तुला दिसायची नाय."

"नाय, काका."

"मंग फोनवर दाखवीन. तेजलला सांगून ठेव, मना लावता येत नाय."

सबब कलम ७ रद्द करण्यात येत आहे. कारण, सदर वस्तू माझ्या हयातीत, माझ्या हाताने, संबंधित इसमास पोहोचली. त्यांना आता या मृत्युपत्राने काही मिळायचे राहिलेले नाही, त्यामुळे त्यांची सही घेण्यास हरकत उरत नाही. त्यांच्यासमोर मी पुन्हा सही केली. मनीषला झोपेतून उठवून आणून त्याचीही पुन्हा घेतली.

लिहून देणार: दर्पण जगन्नाथ पागधरे

साक्षीदार
१. मनीष रमाकांत मेहेर, मुरबे (शेठच्या बाजूचा, पण टोपलीला हरकत नाही)
२. जानू बेंडू तामोरे, तांडेल, मुरबे. डाव्या हाताचा अंगठा. उजव्या हातात टोपली होती, ती खाली ठेवत नव्हते.

मुक्काम मुरबे, गुरुवार, दिनांक ७ ऑगस्ट २०२५