पाच पूर्णांक एक दशांश आवाज

प्रिय मेहुणेबुवा यांस,

नमस्कार, आणि वहिनींना माझ्यातर्फे जास्तीचा नमस्कार. (खरं तर आधी त्यांनाच करायला हवा होता, पण पाकिटावर नाव तुमचं आहे.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. खुशाल म्हणजे तुमच्या बहिणीचा घसा बसला आहे, माझा डावा अंगठा टम्म सुजला आहे, खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी बोलणं टाकलं आहे आणि सरांच्या टाळूला फोड आला होता तो आता बरा आहे. बाकी सर्व क्षेम. तुमचा गुडघा काय म्हणतो? गेल्या पत्रात तुम्ही त्याच्यावर दीड पान लिहिलं होतंत, ते मी दोनदा वाचलं. (एकदा. दुसऱ्यांदा तुमच्या बहिणीने मोठ्याने वाचून दाखवलं.)

त्याच पत्राच्या शेवटच्या चार ओळींत तुम्ही लिहिलंत की तीन आठवड्यांनी रविवारी येऊन सरांना कायमचे तुमच्याकडे नेणार. (आमचा पोस्टमन पत्रं वाचतो असा मला दाट संशय आहे, म्हणून त्याच्यासाठी खुलासा: सर म्हणजे पत्र ज्यांना जातंय त्यांचे वडील आणि माझे सासरे. दोन्ही मुलं त्यांच्याच वर्गात गणित शिकली आणि घरीही सर म्हणू लागली, ती सवय सुटली नाही.) कारण तुम्ही असं दिलंत की सरांचा डावा कान पार गेलेला, उजव्याला आमच्या एवढ्याशा टीव्हीचा आवाज पुरत नाही, त्यामुळे ते आमच्याकडे नुसते बसून असतात. तुमच्याकडे आता भिंतभर टीव्ही आला आहे. मुद्दा बिनतोड होता. सरांना विचारलं तर त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "जिथे मनासारखं ऐकू येईल तिथे राहीन." मी तेव्हाच ओळखलं की पेपर फुटला, आता फक्त अभ्यास करायचा. हाताशी तीन आठवडे होते.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. मी दिवसभर मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवतो. समोर बत्तीस बत्तीस दात मांडलेले असतात, पण बोलायला एक तोंड नाही. दुपारी सर येतात, स्टुलावर बसतात, ताटलीतले दात मोजतात आणि एक दाढ कमी आहे म्हणतात. ती खरंच कमी असते. कधी कधी तासभर आम्ही काहीच बोलत नाही. ते गेले तर त्या खोलीत माझा जीव रमणार नाही. हे मी तुमच्या बहिणीलाही सांगितलेलं नाही, तिला हे पत्र वाचूनच कळेल.

तर ठरवलं, की घरीच एक छोटा कॉम्प्युटर बांधायचा. सिनेमे आणि गाणी त्याच्या पोटात ठेवायची, चित्र टीव्हीवर सोडायचं आणि आवाज चारी बाजूंनी. तयार मिळतो, नाही असं नाही. पण जो माणूस परक्याच्या तोंडात केसाचाही फरक न पडू देता दाढ बसवतो त्याला चार स्क्रू पिळणं काय जड, असं मी चारचौघांत (म्हणजे तुमच्या बहिणीसमोर) बोलून गेलो होतो. कॉम्प्युटरवाल्याने सगळे भाग वेगवेगळ्या खोक्यांत दिले. पेटी जेवणाच्या डब्याएवढी. मी ती कवळ्यांच्या टेबलावर मांडली, चिमटे घेतले, आणि दोन तासांत सगळं जिथल्या तिथे बसवलं. दोन स्क्रू उरले. सरांनी ते मोजले आणि शिल्लक नेहमी उत्तरात लिहावी एवढंच म्हणाले.

कॉम्प्युटरचा मेंदू फार तापतो. तो आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये गरमी ओढून घेणारी एक पेस्ट लावावी लागते, वाटाण्याएवढी. लावली. यंत्र सुरू झालं, टीव्हीवर चित्र आलं, तुमच्या बहिणीने कौतुकाने पाहिलं आणि पाचव्या मिनिटाला सगळं बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पाच मिनिटं. खोलीत पुदिन्याचा मंद वास सुटला होता. मला वाटलं नव्या यंत्राला असतोच. त्याच दिवसापासून सरांनी चहाबद्दल तक्रार सुरू केली, की कवळी अशी घट्ट आजवर कधी बसली नव्हती, पण घोट घेतला की चटका थेट डोक्यात जातो. तुमच्या बहिणीने चहा निववून दिला, कोमट करून दिला. मी माझ्याच तंद्रीत होतो, त्यामुळे या दोन गोष्टींची सांगड मला घालता आली नाही.

म्हटलं, तापण्याचं नंतर बघू, आधी आवाजाची वायर आणू. ही साधी वायर नव्हे. हिच्यातून आवाज उजेड होऊन जातो, आणि तोही आकड्यांत. (हे ऐकून सर प्रथमच उठून बसले. ते आकडे मधेच कुठे बघायला मिळतील का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर, मग बरोबर आहेत हे कोणी तपासलं, असं विचारलं.) कॉम्प्युटरवाल्याकडे ती संपली होती. त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं: 'ऑप्टिकल, दोन मीटर'. आता तुम्हीच सांगा, ऑप्टिकल अशी पाटी तुम्ही आयुष्यात कोणत्या दुकानावर पाहिली आहे? मी सरळ चौकातल्या चष्मेवाल्याकडे गेलो आणि चिठ्ठी पुढे केली. त्याने ती वाचली, माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि कधीपासून असं होतंय विचारलं. मी म्हटलं, सोमवारपासून. पाच मिनिटं सगळं स्पष्ट दिसतं आणि मग एकदम अंधार. तो गंभीर झाला. मला खुर्चीत बसवून त्याने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, ती मला दोन मीटरवरून वाचता येईनात, जवळूनही धड येईनात. तिसऱ्या दिवशी चष्मा तयार झाला आणि मी तो नाकावर घालूनच घरी आलो. वायरीच्या जागी त्याने गळ्यात अडकवायची एक काळी दोरी दिली होती, आणि ती दोन मीटर नाही म्हणून मी त्याच्याशी वादही घातला होता.

पण देव करतो ते बऱ्याकरता. घरी येऊन मी आधी टेबलाचा खण आणि मग सरांचं कपाट उघडलं, आणि त्या चष्म्यातून पहिल्यांदाच दोन्हीकडच्या ट्यूबांवरची अक्षरं वाचली. कॉम्प्युटरच्या मेंदूला मी कवळी चिकटवायची पुदिन्याची पेस्ट लावली होती. दुसरी ट्यूब, गरमी ओढून घेणारी, मी सरांच्या कपाटात नेऊन ठेवली होती, आणि ते दोन्ही वेळा ती इमानेइतबारे वापरत होते. डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टर हसले, मग सरांची टाळू पाहून गंभीर झाले, मग बाहेर जाऊन पुन्हा हसून आले. फोडाला औषध दिलं. घरी परतताना वाटभर सरांनी डावा कान माझ्याकडे ठेवला.

पुढचं पटपट सांगतो. वायर मिळाली, पेस्टी आपापल्या घरी गेल्या, यंत्र चालू राहिलं. मग आले आवाजाचे खोके. त्याला फाईव्ह पॉइंट वन म्हणतात. सरांनी त्याचं लगेच पाच पूर्णांक एक दशांश केलं, आणि खोके मोजले तर सहा. पाच लहान, एकसारखे. सहावा सगळ्यांत दांडगा, तुमच्या बहिणीच्या शिलाई मशीनएवढा. सरांचं म्हणणं, एक दशांश हा पूर्णांकाच्या दसपट मोठा असूच शकत नाही, कंपनीने एक तर आकडा चुकवला आहे किंवा खोका. मी सांगितलं की तो फक्त घुमारा देतो म्हणून त्याला तेवढंच धरतात. ते म्हणाले, कामावरून माप ठरवायचं तर शाळेतल्या निम्म्या मास्तरांना दशांशात धरावं लागलं असतं. आणि लाल पेन्सिलीने त्यांनी खोक्यावर फुली मारली. तेव्हापासून घरात त्याचं नाव दशांश.

दोन खोके टीव्हीच्या बाजूंना, एक मधोमध, दोन मागच्या भिंतीवर (अंगठा तिथेच ठेचला), दशांश माझ्या कामाच्या खोलीच्या भिंतीला टेकवून, आणि बरोबर मध्यभागी सरांची खुर्ची. चाचणी लावली. त्यात एक बाई एकेका खोक्यातून आपली जागा सांगते. 'पुढे डावीकडे' असं ती मागून उजवीकडून म्हणाली, कारण वायरी मी उलटसुलट जोडल्या होत्या. सर म्हणाले, चूक, पुन्हा. मी वायरी बदलल्या. बाई पुन्हा चुकली. अकरा वेळा त्यांनी तिला उभं केलं, बाराव्यांदा तिला सगळं बरोबर आलं तेव्हा बसा म्हणाले. मग सिनेमा लावला. घोडा मागून धावत आला, सरांनी मान वळवून त्याला वाट दिली. आणि मग दशांश घुमला. माझ्या खोलीत फळीवर तेरा कवळ्या वाळत ठेवल्या होत्या, त्या सगळ्या एकदम कडकड वाजायला लागल्या, जणू तेरा म्हाताऱ्यांना एकाच वेळी हुडहुडी भरली. दोन जोड्या चालत चालत फळीच्या टोकापर्यंत आल्या. शिंपीणकाकू वर आल्या त्या हातात रिळं घेऊन, म्हणाल्या, "माझी कात्री टेबलावरून उडी मारून खाली गेली, आता मीही मारू का?" तुमची बहीण त्यांना ओरडून उत्तर देत होती, तिचा घसा तेव्हाच बसला.

पण मेहुणेबुवा, सरांना ऐकू आलं. घोडा, पाऊस, दाराची कडी, सगळं. मी विचारलं, त्यांनी मान डोलावली. मी जिंकलो असं मला वाटलं आणि मी हे पत्र लिहायला बसलो.

वहिनींना पुन्हा नमस्कार, गुडघ्याला शेक.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात सर आले. म्हणाले, चाळीस वर्षं साठ साठ मुलांचा गोंधळ दोन्ही कानांनी ऐकला, डावा कान गेला ती माझी पेन्शन. जे नको असेल त्याच्याकडे डावा कान करतो आणि सुखाने बसतो. तुम्ही पाच बाजूंनी आवाज सोडलात, आता मी कोणाकडे कानाडोळा करायचा आणि कुठल्या दिशेने. त्यांच्या मनासारखं ऐकू येणं म्हणजे हे, हे तुम्हालाही कळलं नव्हतं आणि मलाही.

ता. क. दुसरा. तेव्हा रविवारी अवश्य या, मोठी गाडी घेऊन या. सहाही खोके, डबा आणि दोन मीटर वायर बांधून ठेवतो. तुमच्या भिंतभर टीव्हीला ते शोभतील. नेण्यासारखं दुसरं काही नाही.

ता. क. तिसरा. हे सगळं पत्र सरांना वाचून दाखवलं. मग त्यांनी कागद मागून घेऊन तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. वाचत होतो तेवढा वेळ उजवा कान माझ्याकडे होता.