नवी बोट धक्क्याला लावताना

रविवार, १४ सप्टेंबर
तिकीट खिडकीमागची खोली

प्रिय दादा,

तुझी दोन पत्रं आली, दोन्ही खणात आहेत, आणि एकाचंही उत्तर मी लिहिलं नाही. रागावला असशील तर रागाव. कामाचा रगाडा होता असं आधी लिहिलं होतं, पण खोडलं, कारण ते खरं नाही. शेवटची फेरी परतली की खिडकी बंद करून मी मोकळी असते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? मुलाच्या दुकानात तू खिळे तोलतोस, गिऱ्हाइकाने अर्धा किलो म्हटलं की न बघता मूठ बरोबर भरते, हे वाचून मी इथे एकटीच हसले. खाली वहिनीने दोन ओळी लिहिल्यात. तुला आता शांत झोप लागते, रक्तदाबाची गोळी अर्ध्यावर आली. त्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. चांगल्या मनाने वाचल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू इकडचं काही विचारत नाहीस, तरी सांगते. तुझी जुनी बोट काठावर ओढून ठेवली आहे आणि तिच्यावर लोक कपडे वाळत घालतात. नवी बोट सध्या कंपनीचा शिकवणारा माणूसच चालवतो. त्याला सगळे ‘पंपवाले’ म्हणतात, कारण आल्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद: हिला पंखा नाही, सुकाणू नाही, हा नुसता पंप आहे, खालून पाणी ओढतो आणि मागून झोतासारखं फेकतो. आपल्याला हे नाव पडलंय हे त्याला कळत नाही असं सगळ्यांना वाटतं. कळतं त्याला. परवा त्याने सही करताना कंसात तेच लिहिलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. दादा, मी ती बोट चालवायला शिकले.

ठरवून नाही. एका संध्याकाळी पाणी ओढायच्या जाळीत गवत अडकलं होतं. ते काढायला त्याला मागे जायचं होतं, म्हणून जवळ उभ्या असलेल्या मला त्याने चाक धरायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गवत नव्हतं, तरी त्याने बोलावलं आणि मी गेले. बाबांनी आपल्या दोघांना परवाना काढायला लावला होता, आठवतं? तुझा कामाला लागला, माझा कपाटात पडून होता. तो शोधून काढला, तेव्हाच खरं तर तुला लिहायला हवं होतं.

सुरुवातीला माझी फजिती झाली. पहिल्यांदा एकटीने वळवली तर भर पाण्यात भोवऱ्यासारखी फिरले. धक्क्यावर भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या मावशी ओरडल्या, बाई, तुम्ही आपलं तिकीटच फाडा, मी पोहत जाते. पण थोड्याच दिवसांत हात बसला. का बसला ते तुला समजलं पाहिजे, म्हणून नीट लिहिते. जुनी बोट धक्क्याजवळ आली की तू रेस सोडायचास, इंजिन मोकळं करायचास, आणि ती आपल्या वेगात सुकाणूवर अलगद येऊन टेकायची. नव्या बोटीत रेस सोडली की झोत जातो, आणि झोत गेला की चाक नुसतं हातात फिरतं. नव्या बोटीवर तुझी चाचणी घेतली त्या दिवशी तुझं तेवढंच झालं. तू घाबरला नव्हतास, चुकलाही नव्हतास. आयुष्यभर जे बरोबर केलंस तेच केलंस, आणि ती सरळ जाऊन धक्क्याच्या कोपऱ्यावर आदळली. मला मात्र काहीच येत नव्हतं, त्यामुळे विसरायलाही काही नव्हतं.

पंपवाल्यांनी मला एवढंच सांगितलं, “घाबरायचं असेल तर खुशाल घाबरा, पण रेस चालू ठेवून घाबरा.”

रेस एका जागी धरायची, तिला हातच लावायचा नाही. वेग सगळा डाव्या हाताच्या दांड्यावर. त्या दांड्याने मागच्या झोतावर एक झाकण उतरतं, त्याला आम्ही बादली म्हणतो. बादली वर असली की बोट पुढे जाते, पूर्ण खाली आली की मागे. मध्ये कुठेतरी अशी जागा आहे की मागे पाणी खदखदतं आणि बोट उभी असते. ती जागा खुणेने सापडत नाही, पायाखाली कळते. तशी उभी असताना चाक फिरवलं की जागच्या जागी वळते. आणि मागे घेताना लक्षात ठेव, चाक डावीकडे तर पुढचं टोक डावीकडेच जातं. तुझे हात उलट करू पाहतील. करू देऊ नकोस.

आता कबूल करायला अवघड तेच सांगते. मला यात फार आनंद होतो. इतकी वर्षं खिडकीच्या भोकातून मी लोकांचे नुसते हात पाहिले. आता त्यांना पलीकडच्या दवाखान्यात, शाळेत, बाजारात मी नेऊ शकते. गेल्या आठवड्यात आडवा वारा असताना बोट अशी लावली की दोर टाकणाऱ्याला टेकल्याचं कळलंच नाही. तो म्हणाला, “अगदी दादा लावायचे तशी.” मी हसले, घरी आले आणि जेवले नाही. आपल्या माणसाचं जिथे नाक कापलं गेलं तिथेच आपल्याला शाबासकी मिळावी, आणि ती गोडही लागावी, याला काय म्हणायचं?

दादा, चाचणी पुन्हा होणार आहे. या शनिवारी. बोट चालवणाऱ्याची जागा एकच आहे, कायमची. मागच्या महिन्यात साहेबांनी मला बोलावून सांगितलं की दादांनाही बसायचा हक्क आहे, तुम्ही घरच्याच, तेव्हा तुम्हीच कळवा. मी हो म्हटलं. मग रोज एक कारण शोधलं. तुला पुन्हा सगळ्यांसमोर उभं राहावं लागेल. आता कुठे तुला झोप लागते. गोळी अर्ध्यावर आलीय. मुलगा म्हणेल, आत्याने बाबांना परत त्या भानगडीत ओढलं. यातलं एकही कारण खोटं नाही, हीच तर अडचण आहे. ती सगळी मी तुझ्या काळजीने गोळा केली की त्या जागेसाठी, हे मी स्वतःला विचारते आणि उत्तर यायच्या आत उठून भांडी घासायला घेते. कारण मला पक्कं माहीत आहे की वर लिहिलेलं तुला कुणी एकदा सांगितलं, तर एका सकाळीत तू माझ्यापुढे जाशील. मला बोट समजली आहे. वारा कुठून फिरेल, धक्क्याजवळ पाणी कसं ओढतं, ते अजून मी तुला आठवूनच ओळखते.

परवा साहेबांनी विचारलं, कळवलंत ना? मी म्हटलं, पत्र लिहिलंय. लिहिलं नव्हतं. म्हणून आज लिहायला बसले, आणि आता शेवटाकडे आल्यावर स्वतःचीच लाज वाटते. इथून तुझ्या गावाला पत्र पोचायला आठवडा लागतो. ही डाक मीच बांधून देते, मला हे पहिल्या ओळीलाच माहीत होतं. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा शनिवार होऊन गेला असेल. तुला सगळं सांगितल्याचं समाधान मला, आणि जागाही मला. अशासाठी लिहायला घेतलेलं हे पत्र आहे. तू फोनवर हं आणि बरं याखेरीज बोलत नाहीस, तरी उद्या मी फोन करीन तेव्हा तुला ऐकावंच लागेल. आणि हेही ऐक की मी माघार घेणार नाही. मीही बसणार आहे. पण तू आलास तर आदल्या दिवशी बोट बाहेर काढीन आणि चाक तुझ्या हातात देईन. पत्र तरीही टाकते, मी कशी वागत होते ते तुझ्याजवळ असू दे.

तुझीच,
धाकटी

उद्या: दुकान उघडताच फोन. निरोप ठेवायचा नाही, दादालाच बोलवायचं.