आईच्या चालीचा पुरावा

मंगळवार, संध्याकाळ

आज माझं गाणं इंटरनेटवरून काढून टाकलं. चाल म्हणे एका कंपनीच्या मालकीची आहे. अहो, ती चाल माझ्या आईची! सांगोल्याकडं मेंढरांमागं फिरताना ती म्हणायची. मी त्या चालीला फक्त गिटार आणि ड्रम जोडले. इतकी वर्षं सोलापुरात स्वतःची गाणी करून गातेय, पण लोक ओळखतात ते या एकाच गाण्यामुळं.

तक्रारीच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे : मूळ रचना कुणाची, पुरावा जोडा.

आईला विचारलं, "ही चाल कुणी बांधली गं?"

"कुणी म्हंजे? आमी समद्या बाया म्हनायचो की."

"कुठं लिहून ठेवलंय का?"

"लिवाया कुणाला येत हुतं?"

त्या रकान्यात आईचं नाव लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. नुसत्या नावाला पुरावा कोण म्हणणार? तरी पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं, पुरावा अपुरा. वाचलं तरी असेल का कुणी?

आईला सगळं समजावून सांगितलं. भाकरी थापता थापता ती थांबली.

"मग आता मी बी म्हनायचं न्हाय व्हय?"

"म्हण की गं, तुला कोण अडवतंय," मी म्हणाले.

ती परत भाकरी थापू लागली. रोजच्यासारखी गायली मात्र नाही.